घरच्या घरी तिरंदाजीचं टार्गेट: पुठ्ठा, चिंध्या आणि दाब

तिरंदाजी शिकायला लागलं की धनुष्य आणि बाणांपाठोपाठ टार्गेटचा प्रश्न येतो. विकतचं फोमचं टार्गेट महाग असतं, आणि बाण एकाच जागी बसू लागले की त्याचा मधला भाग भुसभुशीत व्हायला फार दिवस लागत नाहीत. नवशिक्याला तर रोज जवळून भरपूर बाण सोडायचे असतात. सुरुवातीच्या काळात मला घरी बनवलेलं टार्गेटच जास्त योग्य वाटतं. झिजेल तेवढाच भाग बदलता येतो आणि साहित्य बहुतेक टाकाऊतलंच मिळतं.

पण हाताला लागेल ते एकावर एक रचलं म्हणजे टार्गेट झालं, असं होत नाही. बाण थांबतो कसा, हे आधी समजून घ्या. मग कोणतं साहित्य चालेल आणि कोणतं नाही, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

बाण थांबतो कसा

टोकासमोर काहीतरी कठीण आलं की बाण थांबेल, असं नवख्याला वाटतं. म्हणून कुणी लाकडी फळी लावतं, कुणी जुना टायर टांगतं. फळीवर बाणाचं टोक रुतून बसतं किंवा वाकतं, कार्बनच्या शाफ्टला, म्हणजे बाणाच्या दांड्याला, चीर जाते. टायर तर सरळ बाद करा, कारण रबरावर आपटलेला बाण उलटून सोडणाऱ्याच्याच दिशेने येऊ शकतो.

चांगल्या टार्गेटमध्ये टोक थरांमधून वाट काढत आत शिरतं आणि दोन्ही बाजूंचे थर शाफ्टला आवळून धरतात. कपाटात गच्च बसलेल्या पुस्तकांमधलं एक ओढून काढताना जो विरोध जाणवतो, तसंच घर्षण बाणाचा वेग खाऊन टाकतं.

थोडं गणित मांडलं की हे नेमकं कळतं. २५ ग्रॅमचा बाण सेकंदाला ५० मीटर वेगाने आला, तर त्याच्यात साधारण ३१ ज्यूल ऊर्जा असते. तो २० सेंटिमीटरमध्ये थांबवायचा, तर टार्गेटने त्याला सरासरी १५५ न्यूटन, म्हणजे सुमारे १६ किलो वजनाइतक्या जोराने मागे खेचायला हवं. तोच बाण कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या, धनुष्यातून सेकंदाला ८५ मीटर वेगाने सुटला, तर ऊर्जा जवळपास ९० ज्यूलवर जाते. वेग दुप्पटही झालेला नाही, पण ऊर्जा तिपटीच्या आसपास गेली. रिकर्व्हला, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या बिनचाकांच्या धनुष्याला, पुरणारं टार्गेट कंपाउंडला पुरत नाही ते यामुळे.

आणि ही पकड येते ती मुख्यतः दाबातून. ढिल्या रचलेल्या अर्धा मीटर जाडीच्या पुठ्ठ्यातून बाण आरपार जाईल, पण घट्ट आवळलेला ३० सेंटिमीटरचा गठ्ठा तो निम्म्यातच अडवेल. टार्गेट बनवताना जास्तीत जास्त वेळ आणि मेहनत आवळण्यावर घाला. साहित्य कोणतं, हा प्रश्न त्यानंतरचा.

आधी जागा, मग टार्गेट

साहित्य गोळा करायच्या आधी अंगणात उभं राहून एक गोष्ट तपासा. टार्गेट चुकलं तर बाण कुठे जाईल? नवशिक्याचा बाण चुकणारच. ओढायला २५ पाउंडाचा जोर लागणाऱ्या साध्या धनुष्यातूनही तिरका वर सुटलेला बाण शंभर मीटरच्या पुढे जाऊ शकतो. म्हणून टार्गेट बाण पकडण्यासाठी आणि चुकलेले बाण अडवण्यासाठी त्यामागे वेगळा अडसर, अशी दोन कामं वेगवेगळी धरा.

सगळ्यात उत्तम अडसर म्हणजे दगड वेचून काढलेल्या मातीचा उंच ढिगारा. ते शक्य नसेल तर जाड जुना गालिचा किंवा तिरंदाजीसाठी मिळणारी जाळी, टार्गेटच्या मागे दोन-तीन मीटरवर आडव्या दांड्यावरून टांगा. ती ताणून बांधू नका. सैल सोडलेलं कापड बाणाबरोबर मागे जातं आणि त्या झोळात बाणाचा जोर संपतो. ताणलेल्या कापडातून बाण भोक पाडून निघून जातो. खालची कड जमिनीवर थोडी लोळू द्या, नाहीतर बाण खालून निसटतील. अडसराची रुंदी टार्गेटच्या किमान तिप्पट ठेवा आणि उंची तुमच्या डोक्याच्या वर जाऊ द्या.

लाकडी कुंपणाला अडसर समजू नका. फटीतून बाण जातो, पातळ फळीतूनही जातो. टार्गेटच्या अगदी मागे विटांची भिंत असेल तर चुकलेला प्रत्येक बाण फुटेल आणि कार्बनच्या कुसळांसारख्या बारीक चिरफळ्या आजूबाजूला पडतील. मागे रस्ता, दार, खिडकी किंवा शेजाऱ्यांचं अंगण येत असेल, तर ती दिशा सोडूनच द्या. वस्तीत धनुष्य चालवायला तुमच्या भागात मनाई आहे का, हेही आधीच विचारून घ्या.

पुठ्ठ्याचं टार्गेट

नवशिक्याला मी पहिलं टार्गेट पुठ्ठ्याचंच सुचवेन. पुठ्ठा फुकट मिळतो, कापायला सोपा असतो आणि चुकलं तर सगळं उलगडून पुन्हा रचता येतं.

मोठ्या यंत्रांची, फर्निचरची खोकी मिळाली तर उत्तम, कारण लांब सलग पट्ट्या निघतात. आधी खोक्यांवरच्या चिकटपट्ट्या आणि सगळ्या पिना काढा. चिकटपट्टीचा गोंद शाफ्टला लागतो आणि एक पिन चांगल्या बाणावर लांब ओरखडा पाडू शकते. ओला होऊन वाळलेला पुठ्ठा घेऊ नका. त्याच्या आतल्या लाटा आधीच बसलेल्या असतात.

आता पट्ट्या कापा. ६० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद हे माप बहुतेकांना पुरतं. लांबी म्हणजे टार्गेटची रुंदी आणि पट्टीची रुंदी म्हणजे टार्गेटची खोली. एक पट्टी नीट मापून कापा आणि बाकीच्या सगळ्या तिच्यावरूनच आखा. प्रत्येक वेळी आधीच्या पट्टीवरून पुढची आखत गेलात तर माप हळूहळू सरकत जातं. कटरचं पातं बोथट झालं की लगेच बदला. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, आणि हात कापतात ते तेव्हाच.

किती पट्ट्या लागतील? साधा एकपदरी पुठ्ठा साधारण ४ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे ६० सेंटिमीटर उंचीला नुसत्या हिशोबाने १५० पट्ट्या होतात. पण आवळल्यावर गठ्ठा बसतो, म्हणून दोनशेच्या पुढे तयारी ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे, हे आधीच सांगून ठेवतो. दोन-तीन संध्याकाळी वाटून करा आणि मदतीला कुणाला तरी बसवा.

रचताना पट्ट्या आडव्या, एकावर एक ठेवायच्या आणि कापलेल्या कडा धनुर्धराच्या समोर येऊ द्यायच्या. नव्या माणसाची गफलत इथेच होते. पुठ्ठ्याचा सपाट पृष्ठभाग समोर ठेवला तर बाण प्रत्येक थराला भोक पाडत जातो, थर त्याला आवळत नाहीत, आणि त्याच जागी पुढचे काही बाण बसले की तिथे आरपार खिडकी होते. कडा समोर असल्या की बाण दोन थरांच्या मधून घुसतो आणि बाहेर काढल्यावर फट बरीचशी पुन्हा मिटते. रचलेला गठ्ठा समोरून पाहिलात तर बारीक लाटांच्या शेकडो ओळी दिसतील. तशा दिसल्या की रचना बरोबर आहे.

आवळण्यासाठी गठ्ठ्याच्या खाली आणि वर एकेक जाड फळी हवी. सोपा मार्ग म्हणजे मालवाहू गाड्यांवर सामान बांधायचे रॅचेटवाले, म्हणजे खटक्याच्या हँडलने आवळायचे, पट्टे. दोन पट्टे फळ्यांवरून आणि डाव्या-उजव्या बाजूंवरून फिरवून घ्या. समोरच्या तोंडावरून पट्टा जाता कामा नये. दुसरा मार्ग थोडा खर्चिक, पण जास्त टिकाऊ आहे: दोन्ही फळ्या गठ्ठ्यापेक्षा दोन्हीकडे १० सेंटिमीटर लांब ठेवायच्या, चारही कोपऱ्यांवर भोकं पाडून १२ मिलिमीटरचे आटे असलेले गज घालायचे आणि मोठे वॉशर लावून नटांनी आवळायचं. समोरचे दोन गज तोंडाच्या कडेपासून जमेल तितके मागे सरकवा. गजावर आदळलेला बाण वाया गेला असं समजा.

आवळताना एकाने वरच्या फळीवर जपून उभं राहायचं आणि दुसऱ्याने नट फिरवायचे. एक कोपरा पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे जाऊ नका. समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून थोडेथोडे घ्या, नाहीतर गठ्ठा एका बाजूला फुगतो आणि मधले थर बाहेर सरकतात. मग एक दिवस तसंच राहू द्या. पुठ्ठ्याच्या लाटा रात्रभरात दबतात आणि दुसऱ्या दिवशी नट हाताने फिरण्याइतके सैल झालेले असतात. वरून आणखी पट्ट्या घालून पुन्हा आवळा. टोक केलेली पेन्सिल दोन थरांमध्ये हाताने दाबून पाहा. ती बोटभर आत गेली तर दाब अजून कमी आहे, जेमतेम टोक रुतलं तर जमलं.

उलटा धोकाही आहे. फार आवळलं तर बाण निघता निघत नाही आणि जोरात ओढताना शाफ्ट वाकतो. एक हात टार्गेटवर टेकवून दुसऱ्या हाताने ओढल्यावर बाण यावा, इतपत घट्ट ठेवा.

चिंध्यांची गोणी

जागा कमी असेल किंवा पट्ट्या कापायचा वेळ नसेल, तर गोणी भरा. विणलेल्या प्लॅस्टिकच्या दोन मजबूत गोण्या एकात एक घाला. आत भरायला जुने कपडे, चादरी, आणि मालाच्या गठ्ठ्यांना गुंडाळलेली ताणली जाणारी प्लॅस्टिकची फिल्म मिळाली तर तीही. ही फिल्म दाबली की फार घट्ट बसते, म्हणून गोणीच्या मधल्या भागात ती भरा आणि बाहेरून कापड.

कपड्यांची बटणं, चेन, हूक, बकल एकूण एक काढा. हे काम चुकवाल तर त्याचा भुर्दंड बाणाला बसेल. कपडे उसवून सपाट करून घाला. बोळे करून कोंबले की मध्ये पोकळ्या राहतात आणि बाण नेमका तिथूनच जातो. वीतभर भरलं की जाड सोट्याने ठोकून दाबा आणि मगच पुढचा थर घाला. गोणी बाहेरून थोपटल्यावर कुठेही लवली नाही पाहिजे. तोंड दाभण आणि सुतळीने शिवा, टाके जवळ जवळ घ्या.

भरलेली गोणी चांगलीच जड होते, तेव्हा ज्या आडव्या दांड्याला टांगाल तो आधी लोंबकळून तपासा. तळ जमिनीला जेमतेम टेकू द्या, म्हणजे शिवणीवर सगळा भार येत नाही आणि गोणी गिरक्याही घेत नाही. काही आठवड्यांत आतलं सामान खाली बसतं आणि वरचा भाग रिकामा होतो. वरच्या भागात बाण मारायच्या आधी शिवण उसवून भर घाला.

गोणीवर फक्त साध्या गोल टोकाचे सरावाचे बाण वापरा. शिकारीसाठीच्या पात्यांच्या टोकांनी कापड फाटतं आणि बाण अडकून बसतो. खरं तर घरी बनवलेल्या कोणत्याच टार्गेटवर नवशिक्याने तसली टोकं वापरू नयेत.

फोम, आणि काय टाळावं

व्यायामाच्या जुन्या चटया किंवा खेळघरातल्या जोडायच्या मॅट मिळाल्या तर त्यांच्याही पट्ट्या कापून पुठ्ठ्यासारख्याच कडा समोर ठेवून आवळा. पावसाचं भय कमी आणि बाण मऊ निघतो. वेगवान बाण मात्र घर्षणाने तापतात आणि फोम वितळून शाफ्टला चिकटतो. बाण काढल्यावर टोकाच्या वरच्या भागात खरखरीत पट्टा लागला तर तो हाच. शाफ्टच्या पुढच्या भागावर कोरडा साबण हलकासा घासला की चिकटणं बरंच कमी होतं.

थर्माकोल वापरू नका. तो बाणाला पकडत नाही, वितळून चिकटतो आणि त्याचे पांढरे मणी वाऱ्याने सगळीकडे पसरतात. वाळू भरलेली पोती बाण थांबवतात खरी, पण शाफ्ट कानसून काढतात. सैल गवताचा ढीगही बिनकामाचा, मात्र यंत्राने घट्ट बांधलेला गवताचा गठ्ठा चालतो.

पहिली चाचणी

टार्गेट मांडलं की ते पडणार नाही याची खात्री करा. पडणाऱ्या टार्गेटमध्ये बाण असतील तर सगळे मोडतात. स्पर्धेत मैदानावर टार्गेटचं केंद्र जमिनीपासून १३० सेंटिमीटरवर असतं. घरी मी ते यापेक्षा खालीच ठेवायला सांगेन, कारण बाण किंचित खालच्या दिशेने गेला तर चुकलेला बाण जमिनीत थांबतो.

पहिला बाण तीन-चार मीटरवरून सोडा. बाणाचा वेग धनुष्यापाशीच सर्वाधिक असतो, म्हणून इथे जे टार्गेट त्याला अडवेल ते वीस मीटरवरही अडवेल. एकच बाण सोडा, धनुष्य खाली ठेवा आणि मागच्या बाजूने पाहा. टोक बाहेर आलेलं असेल तर सराव थांबवा आणि अजून आवळा किंवा खोली वाढवा. पिसं आत शिरत असतील तर ती सोलून निघतील. शाफ्टवर रंगीत चिकटपट्टीची खूण करून किती आत गेला ते नोंदवा आणि त्याच भागात आणखी दहा-बारा बाण मारून पुन्हा मोजा. खोली भराभर वाढत असेल तर दाब कमी आहे. इतक्या जवळून बाण थोडा तिरका घुसलेला दिसला तर काळजी करू नका. धनुष्यातून सुटल्यावर पहिले काही मीटर शाफ्ट डावीकडे-उजवीकडे लवत असतो.

बाण काढताना टार्गेटकडे चालत जा, पळत नको. बाणांचे नॉक, म्हणजे दोरीत अडकणारी मागची टोकं, तुमच्याकडेच रोखलेले असतात आणि अडखळून पडलेला माणूस थेट त्यांच्यावर जातो. कुणी बाण ओढत असेल तर त्याच्या मागे कुणी उभं राहायचं नाही. शाफ्ट टार्गेटच्या अगदी जवळ धरा, किंचित फिरवा आणि आला त्याच रेषेत सरळ ओढा. काढलेला कार्बनचा बाण कानाजवळ धरून हलकेच लववून पाहा. कर्र असा आवाज आला किंवा बोटाला चीर लागली, तर तो बाण पुन्हा दोरीवर चढवायचा नाही. चिरलेला बाण सोडताना फुटला तर त्याचे तुकडे धनुष्य धरलेल्या हातात घुसतात.

फेस कधी आणि केवढा

पहिले काही आठवडे टार्गेटवर काहीही चिकटवू नका. कोरं टार्गेट तीन-चार मीटरवर ठेवलं की लक्ष नेमावर न जाता खांदे, कोपर आणि दोरी सुटताना बोटं काय करतात यावर राहतं. सवय इथेच लागते, आणि घाईने ही पायरी ओलांडणाऱ्यांना पुढे सगळं मोडून पुन्हा शिकावं लागतं.

मग फेस, म्हणजे नेम धरायचा रंगीत कड्यांचा कागद, घरीच काढा. वर्ल्ड आर्चरी या तिरंदाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत रिकर्व्हसाठी ७० मीटरवर १२२ सेंटिमीटरचा आणि इनडोअरला १८ मीटरवर ४० सेंटिमीटरचा फेस असतो. मधून बाहेर पिवळा, लाल, निळा, काळा आणि पांढरा असे पाच रंग, प्रत्येक रंगात दोन कड्या, मध्यावर १० गुण आणि शेवटच्या कडीला १. अंगणातलं अंतर कमी असलं तरी डोळ्याला तोच आकार दिसावा म्हणून फेस त्याच प्रमाणात लहान करा. १० मीटरवर ७० मीटरचा सराव करायचा तर फेस सुमारे साडेसतरा सेंटिमीटरचा, आणि १८ मीटरच्या प्रमाणात सुमारे २२ सेंटिमीटरचा. खिळा, दोरा आणि पेन्सिल घेतली की कड्या निघतात. कागद पातळ पुठ्ठ्यावर चिकटवून घ्या, म्हणजे बाण काढताना फाटत नाही.

एकच मोठा फेस मधोमध लावण्यापेक्षा तीन-चार छोटे वेगवेगळ्या जागी लावा आणि दर आठवड्याला जागा बदला. सगळे बाण एकाच ठिकाणी बसले तर गठ्ठ्याचा मधला भाग आधी मऊ पडतो. तसं झालंच तर आवळणी सोडा, मधल्या पट्ट्या वर-खाली आणि कडेच्या मधे आणा, फाटलेल्या तेवढ्या बदला आणि मागची बाजू पुढे करा. पुठ्ठ्यावर वरून ताडपत्रीचं छप्पर द्या, पण चारही बाजूंनी गुंडाळू नका, आत दमट होऊन बुरशी धरते. गठ्ठा थेट जमिनीवर न ठेवता दोन विटांवर ठेवा, नाहीतर खालचे थर ओल शोषतात. प्लॅस्टिकच्या गोण्या उन्हाने ठिसूळ होतात, म्हणून सराव संपला की सावलीत किंवा जाड कापडाखाली ठेवा आणि धागे चुरगळल्यावर तुटायला लागले की बाहेरची गोणी बदला. पुठ्ठ्याचे नट मात्र दर वेळी सरावाला उभं राहण्याआधी पान्याने एकदा तपासा. हवा कोरडी झाली की ते हमखास सैल झालेले सापडतात.